वाड्याच्या तळमजल्यावर परमिट रूम काढावी का? नाशिकच्या गावठाणातला एक प्रश्न

प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर तुमचा वडिलोपार्जित वाडा आहे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे, म्हणून तो उतरवून नवी इमारत बांधायची आहे. वर सदनिका आणि खाली व्यापारी गाळे. धाकट्या भावाचं म्हणणं, नाशिक वाईनचं शहर झालंय, तळमजल्यावर परमिट रूमसह चांगलं रेस्टॉरंट काढू, त्याने गल्लीत रात्री जाग येईल. आईंना ते अजिबात पटत नाही, आजूबाजूला सगळी देवळं आहेत. त्यात गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं जुनं दुकान आहे आणि ते बंद व्हावं म्हणून बायका सह्या गोळा करताहेत. परवाना मिळेल का, आणि मिळाला तर जुना भाग सुधारेल की आणखी बिघडेल, असं तुम्ही विचारलंय.

मी आर्किटेक्ट आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ गावठाणातले वाडे, त्यांच्या बांधकाम परवानग्या आणि त्याबरोबरच एक्साइजच्या, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या, फायलींना लागणारे जागेचे नकाशे करतोय. त्यामुळे या प्रश्नाची बांधकामाची आणि परवान्याची अशा दोन्ही बाजू रोज हाताखालून जातात.

सरळ उत्तर आधी. तुमच्या जागेवर परमिट रूमचा परवाना मिळणं फार अवघड आहे, आणि मिळत असला तरी काढू नका असंच मी म्हणेन. आईंची कारणं वेगळी आहेत आणि माझी वेगळी. सह्यांची मोहीम चालू ठेवा, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

आता अवघड का ते सांगतो. आपला कायदा १९४९ चा. तेव्हा त्याचं नाव मुंबई दारूबंदी अधिनियम होतं, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. नावातच दारूबंदी आहे. म्हणजे मुळात सगळं बंद, आणि परवाना असेल तेवढंच उघडं. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी मद्यासाठी ५ रुपयांत आणि देशीसाठी २ रुपयांत मिळतो. परमिट रूम हे नाव त्या परमिटवरूनच आलं. बिअर आणि वाईनला वयाची अट २१, बाकी मद्याला २५. हा सगळा कायदा पिणारा माणूस आणि विकणारं दुकान, या दोघांकडे बघतो. दुकानाबाहेरचा रस्ता त्याच्या नजरेत जवळजवळ येतच नाही. माझ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे, पुढे त्याकडे येतो.

परमिट रूमला लागतो तो एफएल-३, म्हणजे विदेशी मद्य जागेवर बसून प्यायला देण्याचा परवाना. त्यातली तुमच्यासारख्या जागेला नडणारी अट अंतराची. महापालिका हद्दीत शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरच्या आत हा परवाना देता येत नाही, एस.टी.च्या स्थानकालाही हीच अट आहे. लोकांना वाटतं, नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढलं की झालं. तसं होत नाही. परवान्याच्या जागेच्या दाराच्या मध्यबिंदूपासून, पायी माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने मोजायचं. समोरच्या संस्थेला कंपाउंडची भिंत असेल तर तिच्या जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, भिंत नसेल तर प्रवेशद्वाराच्या मध्यापर्यंत. धार्मिक संस्था म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे १९५० च्या कायद्याखाली, नोंदलेल्या ट्रस्टचं देऊळ, मठ, मशीद, चर्च वगैरे. शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा, अगदी बालवाडीपासून, आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. खासगी क्लास त्यात धरत नाहीत.

हे वाक्य नियमात वाचताना काही वाटत नाही. प्रत्यक्ष मोजायला गेलं की कळतं. वीसेक वर्षांपूर्वी एका जागेची मोजणी मी स्वतः केली. सकाळी सातला गेलो, दुकानं उघडायच्या आधी, म्हणजे टेप सरळ टाकता येते. दाराच्या उंबऱ्यावर खडूने मध्य काढला. तिथून समोरच्या देवळाचं शिखर दिसत होतं. मधे फक्त एक घर आणि त्याची परसबाजू. सरळ रेषेत चाळीस मीटरही नसेल. पण त्या घरातून वाट नव्हती. पायी जायचं तर गल्ली संपवून, बोळातून वळून, पलीकडच्या गल्लीने परत यावं लागे. टेप तीन वेळा टाकली. माझा हेल्पर टोकाला उभा राहून आकडे ओरडत होता आणि ओट्यावर दात घासत बसलेले एक आजोबा विचारत होते, ‘काय हो, रस्तारुंदी का?’ आकडा आला ८१ मीटर. नकाशा दिला, परवाना झाला. सगळं नियमात.

दोन-तीन वर्षांनी त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर क्लास सुरू झाला. संध्याकाळी साडेसातला सुटणाऱ्या आठवी-नववीच्या मुली त्याच दारावरून जायच्या. नियमाच्या भाषेत तो क्लास शैक्षणिक संस्था नव्हताच. त्या मुलींपैकी एक माझ्या ओळखीतली होती. तिचे वडील म्हणाले, आता मी रोज तिला घ्यायला जातो, दुकान लवकर बंद करून. तो नकाशा माझ्या सहीचा होता. त्यात खोटं काही नव्हतं, तरी तेव्हापासून गावठाणातली परवान्याची मोजणी मी घेत नाही.

तुमच्या जागेचा विचार करा. रविवार कारंज्यावर चांदीचा गणपती, पलीकडे सुंदरनारायण, आणि मधल्या प्रत्येक गल्लीत एखादं राममंदिर, दत्तमंदिर, मठ. त्यातली बरीच नोंदलेल्या ट्रस्टची. कुठल्याही दारातून निघा, ७५ मीटर चालायच्या आत बहुतेक एक फाटक लागतंच. पिंपळाखालची नोंद नसलेली शेंदूर लावलेली मूर्ती नियमात बसत नाही, पण लोकांच्या मनात ती बसतेच, आणि हरकती तिथूनच येतात. म्हणून म्हटलं, अवघड आहे. कुणी ‘मोजमाप बसवून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. दरवाजा दुसऱ्या बाजूला नेऊन आकडा बसवायचे उद्योग मी बरेच पाहिलेत. बोळातल्या दारातून गिऱ्हाईक आत-बाहेर करायला लागलं की त्या बोळाचं काय होतं तेही पाहिलंय.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. परवाना महापालिका देत नाही. मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीतला विषय आहे. परवाने जिल्हाधिकाऱ्यांकडून आणि एक्साइजकडून होतात, पोलिसांचा अहवाल जातो. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजनासकट १८ विषय शहरांकडे द्यावेत अशी यादी केली, पण दारूचं दुकान कुठे असावं हा निर्णय त्यात नाही. दारू जीएसटीतही नाही, तिच्यावरचा कर राज्याकडे जातो. रस्ता कुठे रुंद करायचा, दिवे कुठे लावायचे, हातगाड्या कुठे बसवायच्या हे महापालिका ठरवते. त्याच रस्त्यावर संध्याकाळी शंभर माणसं कुठे उभी राहणार हे दुसरं खातं ठरवतं. या दोन फायली एका टेबलावर आलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत. स्मार्ट सिटीत नाशिकची निवड २०१६ साली झाली, त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा साधारण अकराशे मीटरचा रस्ता नमुना म्हणून केला, गावठाणाचीही कामं काढली. त्या नकाशांवर झाडं दाखवली होती, बाकं दाखवली होती. मद्याची दुकानं कुठे आहेत आणि रात्री नऊनंतर त्यांच्यासमोर काय होतं हे कुणी दाखवलं नव्हतं. खरं तर बाक कुठे ठेवायचं याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. दुकानापासून वीस पावलांवर बाक ठेवलं की त्याचं काय होतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

जुन्या भागात दुकानं एवढी का दिसतात, हेही बघा. १९७३ च्या सुमारास राज्याने किरकोळ वाईन शॉपचे आणि देशीच्या दुकानांचे नवे परवाने देणं थांबवलं. तेव्हा नाशिक केवढं होतं? महापालिकाच झाली १९८२ साली. शहर म्हणजे गावठाण, पंचवटी, वेगळं नाशिकरोड, देवळाली. जे परवाने तेव्हा होते ते तेव्हाच्या वस्तीला धरून होते. पुढे शहर गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आडगावपर्यंत पसरलं, २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार झालं. नवे परवाने नाहीत, म्हणजे वाढत्या उपनगराला दुकान हवं असेल तर जुनाच परवाना उचलून न्यावा लागतो. ज्याच्याकडे भांडवल आहे तो परवाना विकत घेतो, स्थलांतर करून घेतो आणि कॉलेज रोडकडे काचेचं दुकान टाकतो. स्थलांतर परवडत नाही ते दुकान जागेवरच राहतं. मग जुन्या भागात उरतात ती जाळीमागून पैसे घेणारी, बसायला जागा नसलेली, बाहेरच्या ओट्यावर गिऱ्हाईक सोडून देणारी दुकानं. म्हणजे अंतराच्या अटीमुळे नीट बसून जेवता येईल असं नवं रेस्टॉरंट येऊ शकत नाही, आणि गोठलेल्या परवान्यांमुळे जुनं दुकान हलत नाही. गावठाणाला दोन्हीकडून वाईट तेवढंच मिळालं. तुमचा भाऊ म्हणतो त्यात एवढं तथ्य नक्की आहे.

पण नुसतं ‘हलवा’ म्हणण्यातही धोका आहे. २०१७ चा उन्हाळा आठवतो का? सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. हेतू चांगलाच होता, दारू पिऊन गाडी चालवण्याने होणारे अपघात थांबावेत. पण नाशिकच्या पोटातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि द्वारका चौकापासून पुणे रस्ता निघतो. दोन्हीकडे पाचशे मीटर धरले तर शहराचा केवढा पट्टा त्यात येतो बघा. एका रात्रीत शटर खाली आली. आणि लगेच दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या आणि माझ्यासारख्यांच्या टेबलावर एकच काम, पाचशे मीटरच्या बाहेर गाळा शोधून द्या. पाचशे मीटरच्या बाहेर काय असतं? कॉलन्या. बारा मीटरचे रस्ते, कोपऱ्यावर किराणा, डेअरी, वर दोन मजले राहती घरं. महामार्गावरचं दुकान तिथे येणार म्हटल्यावर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि त्यांचं काय चुकलं? ११ जुलै २०१७ ला न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी लागू नाही. पुढे बरीच दुकानं मूळ जागी परत उघडली. पण मधल्या महिन्यांत जी गल्लीत शिरली ती सगळी परत गेली असं नाही. रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचवायला केलेला नियम शहरात आल्यावर घराच्या दारात गेला, कारण नियमात ५०० हा आकडा होता आणि शहर कसं आहे हे नव्हतं. ७५ मीटरचं दुखणं तेच.

आता देशीच्या दुकानाकडे. त्या बायकांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा. मतदान घेऊन दारूचं दुकान बंद करता येतं. त्यासाठीच्या २००८ च्या सरकारी आदेशाची मूळ चौकट अशी: प्रभागातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. खेडेगावात ही तरतूद खरंच चालली आहे, कारण तिथे सगळ्यांना सगळे ओळखतात आणि एका दिवसात घरोघर जाऊन होतं. नाशिकमध्ये २०१७ च्या निवडणुकीला ३१ प्रभाग होते. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी प्रभागाला सरासरी ४८ हजार माणसं. त्यात मतदार तीस हजार धरले तर २५ टक्के म्हणजे साडेसात हजार सह्या. नुसत्या महिलांच्या करायच्या म्हटलं तरी साडेतीन-चार हजार. सही करणारीचं नाव मतदार यादीत हवं, त्याच प्रभागात हवं, सही जुळायला हवी. गावठाणातून इंदिरानगरला राहायला गेलेल्या पण नाव इथेच ठेवलेल्या कितीतरी बायका असतात, आणि भाड्याने आलेल्या, ज्यांना रोजचा त्रास आहे, त्यांचं नाव भलतीकडे असतं. म्हणून सह्या घेताना यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिथेच लिहून घ्या. एका चांगल्या मोहिमेचे महिने यापायी वाया गेलेले मी पाहिलेत, कागद परत आला तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मतदानाची वाट बघत बसू नका. त्रास दुकानाच्या आतला किती आणि बाहेरचा किती हे आठवडाभर नीट लिहून काढा. माझा अनुभव असा की दहातले आठ त्रास बाहेरचे असतात. दुकानाशेजारी अंडाभुर्जीची गाडी, तिच्यामागे दोन बाकडी, प्लास्टिकचे ग्लास. तिथे बसून पिणं बेकायदा आहे. विनापरवाना गुत्ता चालवल्याबद्दल कलम ६८ आणि तिथे पीत बसलेल्यांवर कलम ८४, या दोन्ही कलमांखाली एक्साइज आणि पोलीस नेहमी कारवाई करतात. गाडीला महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र आहे का, ती तिच्या जागेवर आहे का, हे २०१४ च्या फेरीवाला कायद्याखाली महापालिका बघू शकते. बंद दिवा, मुतारी नसणं, पडक्या वाड्याचा उघडा ओटा, हेही महापालिकेचंच. आणि ओटा तर, रागावू नका, कदाचित तुमचाच असेल. नोटीस लागलेला, खाली केलेला वाडा म्हणजे रात्री फुकटची बैठक. तुमच्या दाराला आजच पत्रा ठोका आणि बाहेर एक दिवा लावा. माझ्या एका पक्षकाराने एवढंच केलं आणि आठ दिवसांत त्या कोपऱ्यावरची बैठक उठली. दुकान आजही तिथेच आहे, पण समोरची मुलं परत गल्लीत क्रिकेट खेळतात.

भावाच्या वाईनच्या मुद्द्याला उत्तर देणं गरजेचं आहे, कारण तो मनापासून बोलतोय. नाशिक वाईनचं शहर आहे हे खरंच. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं, निफाडमध्ये विंचूरला वाईन पार्क झालं, सुला या वाईन कंपनीने २००० साली पहिली वाईन काढली आणि २००५ मध्ये वाईनरीवरच चव घ्यायची खोली उघडली. आज गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. त्या लोकांना तिथे काय मिळतं? मोकळी जागा, बाग, पार्किंग, पाण्याकडे तोंड करून बसायला कट्टा. वाईन त्या सगळ्याचा भाग आहे. तीच बाटली आठ फुटी बोळात, वर कपडे वाळत घातलेल्या घराखाली आणली तर बाटली येईल, बाकीचं काही येणार नाही. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये, हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानात, कपाटापुरती वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. द्राक्ष उत्पादकाला बाजार मिळावा हा त्यामागचा विचार. विरोध झाला आणि अंमल झाला नाही. मला स्वतःला त्या निर्णयात फार वावगं वाटलं नव्हतं, कारण विकत घेऊन घरी नेण्याने रस्ता बिघडत नाही. बसून पिण्याची जागा वेगळी. तिला रुंद रस्ता, गाडी लावायला जागा, मुताऱ्या, रात्री उशिरा घरी जायला रिक्षा हे सगळं लागतं. तुमच्या गल्लीत यातलं एकही नाही.

आणि एक गणित भावाने केलेलं नसेल. परमिट रूम म्हणजे नुसती वार्षिक फी नव्हे. नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं, भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावर उत्पादन मूल्याच्या तिप्पट होतं ते साडेचारपट. परवाना फीही वाढली. १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या परमिट रूम आणि बारवाल्यांनी याविरुद्ध एक दिवस बंद पाळला होता. एवढा बोजा उचलायचा तर टेबलं जास्त लागतात आणि रात्री उशिरापर्यंत चालवावं लागतं. तुमचा तळमजला केवढा? जिना, मीटर रूम, मागचं स्वयंपाकघर, स्त्री-पुरुष वेगळी स्वच्छतागृहं वजा करा. माझ्या अंदाजाने दहा-बारा टेबलं. एवढ्यावर परमिट रूम चालवायची तर चालवणारा दुसऱ्याच मार्गाने पैसे काढायला लागतो, आणि तो मार्ग गल्लीला महाग पडतो.

शिवाय वरच्या सदनिका विकणार असाल तर आणखी एक. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या इमारतीत बिअर शॉपी किंवा मद्याचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. तुमच्या वर राहायला येणारी माणसंच उद्या तुमची सोसायटी असतील. खाली परमिट रूम येणार असं कळल्यावर त्यातली किती घरं बुकिंगला येतील, हे एखाद्या बिल्डरला विचारून बघा.

मग गावठाणात रात्री जाग कशाने येईल? मला हा प्रश्न मनापासून छळतो. मी लहानपणी भांडी बाजारातून आजोबांचं बोट धरून चाललोय, रात्री नऊला दिवे असायचे, लोक ओट्यावर बसलेले असायचे. आज सराफ बाजार बंद झाला की तासाभरात तिथून बायका-मुलं दिसेनाशी होतात. दारूची दुकानं आहेत म्हणून लोक गेले, हे अर्धंच खरं. आधी राहणारे गेले. वाडे पडायला आले, भाडेकरू-मालक वाद कोर्टात, गोदावरीच्या २००८ च्या पुरानंतर नदीजवळची निळी आणि तिच्या बाहेरची लाल अशी पूररेषा आखली गेली आणि तिच्या आत बांधकामाला मर्यादा आल्या. घरं रिकामी झाली, खिडक्यांतले दिवे गेले, आणि मग त्या अंधाराला जे धंदे चालतात ते उरले. म्हणून गल्ली सुधारायचा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तिथे पुन्हा माणसं राहायला आणणं. तुम्ही वर बांधताय त्या सदनिका कुठल्याही बारपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत.

खाली काय? रामकुंडावर वर्षभर बाहेरगावची माणसं येतात. पहाटे येतात, दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी त्यांना बसून घरगुती जेवण, स्वच्छ स्वच्छतागृह आणि चार खोल्या हव्या असतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्यासाठी कामं होतील, रस्ते उकरले जातील, दिवे लागतील. पण त्या गर्दीसाठी म्हणून बांधू नका, ती ओसरते. नेहमीच्या यात्रेकरूसाठी बांधा. पुढे लाकडी ओटा ठेवा, जुन्या वाड्याचे खांब-तुळया निघतील त्या वाया घालवू नका, दर्शनी भागात वापरा. रात्री साडेदहापर्यंत चालणारं जेवणघर आणि त्याबाहेर दिवा, एवढ्यानेही शेजारच्या दुकानाला गिऱ्हाईक बाहेर उभं करायला संकोच वाटतो. दहीपुलाजवळ एका गल्लीत हे होताना मी पाहिलंय, तिथे आइस्क्रीमचं दुकान उशिरापर्यंत उघडं राहायला लागलं, बायका मुलांना घेऊन यायला लागल्या, आणि कोपऱ्यावर उभी राहणारी माणसं आपोआप पलीकडे सरकली.

कामाच्या क्रमाचं सांगतो. आधी सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणी नकाशा काढा. जागा पूररेषेत येते का, येत असेल तर निळ्या रेषेच्या आत की दोन्ही रेषांच्या मधे, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून अंदाज बांधू नका. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर तळमजल्याचा व्यापारी वापर किती मिळेल ते ठरतं. जेवणघर आणि लॉजिंग बसतं का हे त्यावरच बघू. पाडकाम सुरू करण्याआधी भाडेकरूंची हक्काची कागदपत्रं करून घ्या, नंतर ते काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. आणि पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, तुमच्या दारासमोर खुर्ची टाकून तुम्ही आणि भाऊ दोघंही बसा. कोण येतं, कुठे उभं राहतं, किती वेळ थांबतं, बायका कुठल्या बाजूने चालतात, वहीत लिहा. तीन संध्याकाळी पुरेत. ती वही घेऊन या, मग दरवाजा कुठल्या बाजूला ठेवायचा आणि दिवा कुठे, हे मी कागदावर काढून देईन.